उजव्या खांद्यास

तीनदा निखळलास.
पहिल्यांदा कुस्तीत, एकोणिसाव्या वर्षी.
पोरं टाळ्या पिटत होती, म्हणून रडलो नाही.
दुसऱ्यांदा तोनेत :
विहिरीसारख्या त्या भट्टीत कमरेपर्यंत वाकून
तापल्या भिंतीवर होडीएवढा पाव थापला
आणि मी वर आलो, तू आलाच नाहीस.
तिसऱ्यांदा झोपेत. नुसती कूस बदलली होती.
त्याचंच जास्त लागलं.

कुताइसीच्या दवाखान्यात एतेरी म्हणाली,
"ऑपरेशनची घाई नको, जुंबेर.
खांद्याची खोबण मुळातच उथळ,
बशीत ठेवलेलं डाळिंब जसं.
त्याला सांभाळायचं मांसानं,
आणि मांसाला शिकवावं लागतं."

रोज चारशे पाव लावणाऱ्याला
तिनं दिली एक हिरवी रबरी पट्टी.
एक टोक दाराच्या कडीला, एक मुठीत,
काखेत टॉवेलची गुंडाळी –
पडली की पहिल्यापासून.
कोपर कुशीला धरून हात बाहेर वळवायचा, वीतभर,
आणि परत येताना सावकाश.
"ओढणं कुणालाही जमतं. परतणं शीक."

पंधरा. दम खा. पुन्हा पंधरा.
नानुली कणीक तिंबता तिंबता मोजते
आणि बारानंतर मुद्दाम अकरा म्हणते.
मग भिंतीवर चेंडू दाबून गोल गोल.
"जन्मभर भिंतीला पाव लावलेस,
आता चेंडू लाव."
हसते. पीठ तिच्या भुवयांवर.

सहाव्या आठवड्यात डोकं फिरलं.
पट्टी रिओनीत भिरकावायची म्हणून पुलावर गेलो.
हात उगारला,
आणि कानामागे पोचताच तू थबकलास.
भ्यालास. मीही.
खाली नदी आपली गढूळ चालली होती.
पट्टी खिशात घालून घरी आलो,
नानुलीला म्हटलं, फिरायला गेलो होतो.

चौदाव्या आठवड्यात
वरच्या मजल्यावरची मझेवीनार आजी गेली.
पेटीला मी डावा खांदा दिला.
जिन्याच्या वळणावर मात्र बाजू बदलावी लागली,
मागे कुणीच नव्हतं.
तुझ्यावर घेतली.
अकरा पायऱ्या.
एकेक मोजली, न चुकता.
खाली अंगणात पेटी टेकवल्यावर
तुला चाचपलं, काखेत बोटं घालून,
लोकांना वाटलं, मी डोळे पुसतोय.

संध्याकाळी कडीला पट्टी बांधली.
नानुली म्हणाली, "आज तरी राहू दे."
"मोज," मी म्हणालो.