इतिवृत्त, मंगळवार

हजर: इंगा, अध्यक्ष.
तिची आई मायसी. थोरला भाऊ मॅग्नस, गोठ्यातून थेट, बुटांसकट.
शेजारचे टॅलोक, बोटीवर तिकिटं फाडता फाडता निवृत्त झालेले.
आणि मी, शाळेच्या बसमध्ये तिच्या शेजारी बसायचे ती,
अक्षर बरं म्हणून चिटणीस.

स्ट्रॉमनेसला या दिवसांत साडेतीनलाच अंधार.
वारा दाराला धडका देतोय,
त्यालाही बहुतेक मुलाखत द्यायची असावी.

विषय एक: पैसे.
कौन्सिलने आठवड्याला सत्तावीस तास दिलेत,
मॅग्नस ते वासरं मोजावीत तसे मोजतो.
तीन तास शिल्लक.
मायसी म्हणाली, व्यायामाला. टॅलोक म्हणाले, पोहायला.
मी म्हणाले, राखून ठेवू, अडीनडीला लागतील.
मग एकदम आठवलं कुणाचे तास,
आणि आम्ही चौघं गप्प झालो,
दिवा लागल्यावर चोर होतात तसे.

पारदर्शक फळी मी धरते. पलीकडे तिचे डोळे.
आधी गट, मग रंग, मग पापणी: एक अक्षर.
वहीच्या पहिल्या पानावर तिचाच नियम आहे,
माझा शब्द कुणी पुरा करायचा नाही.
माझ्या जिभेवर तीळ भिजत नाही हे बेटभर ठाऊक,
तरी या फळीमागे मी जेवढे शब्द गिळलेत
त्यांचा एक कोश होईल.

रा.
मायसीच्या ओठांवर ‘राहू दे’ आलंच होतं.
रात्र.
शुक्रवारची. बंदरावरची. बँड संपेपर्यंत.
मंजूर.

विषय दोन: नवा मदतनीस.
पहिली बाई किर्कवॉलची, फाइलभर प्रमाणपत्रं, आवाज साखरेचा.
तिनं मायसीला विचारलं, हिला चहा कसा लागतो?
आम्हा सगळ्यांना ती फार आवडली.
दुसरा केर, विशीतला, ट्रॅक्टरवरून आला,
अनुभव: आजोबा, आणि एक लंगडी मेंढी.
कप ठेवताना अर्धा बशीत, उरलेला माझ्या वहीवर.
(वरचा डाग त्याचा.)
इंगानं त्याला काय विचारलं ते नोंदवत नाही,
तो कानापर्यंत लाल झाला आणि दोघं हसत सुटली.

केर, असं तिनं सांगितलं.
चौघांचे चार सुस्कारे.
मॅग्नस म्हणाला, आणि चुकीचा निघाला तर?
फळी. बराच वेळ फळी.
तर मीच काढेन.

विषय तीन यादीत नव्हता.
त्याला बावीस मिनिटं लागली, चहावर साय धरली.
आई. तू असलीस. की सगळे. तुझ्याकडे. बघतात.
पुढच्या वेळी. नको.

मी फळी धरून होते, हात भरून आले होते,
आणि अंदाज तर पहिल्या तीन शब्दांतच आला होता.
तरी शेवटचं अक्षर येईपर्यंत मी बोलले नाही.
इतकी मदत मी कधीच कुणाला केली नव्हती.

एकतीस वर्षं पहाटे दोनला कूस बदलून देणाऱ्या बाईनं
कप विसळले, अगदी भरलेलेसुद्धा.
कोट चढवला. गाडीत जाऊन बसली.
इंजिन सुरू केलं नाही, दिवाही नाही.
आम्ही इंगाकडे बघितलं,
तिनं खिडकीकडे, मग माझ्याकडे, मग फळीकडे.

मला वाटलं, माफी मागेल. टॅलोकनाही वाटलं असावं.
तिनं लिहिलं: दोन चमचे साखर.
मॅग्नस कप घेऊन वाऱ्यात गेला,
परतला तेव्हा हात रिकामे, बाही भिजलेली.

पुढची बैठक: तेरा तारीख.
मायसीची रजा मंजूर.
तिनं मागितली नव्हती, हे चिटणीस नोंदवते.
बैठक संपल्याचं अध्यक्षांनी पापणीनं जाहीर केलं.
गाडी अजून तिथंच आहे.