मनगटाची सवय

हर्णैला बर्फाच्या कारखान्यावर, माडीवर
मुनाफ मुकादमने जिम काढली तेव्हा
रत्नागिरीहून टेम्पोतून एक मशीन आलं, जुनंच:
दोन उभे रूळ, त्यांच्यात अडकवलेला दांडा.
वर जाणार तर सरळ, खाली येणार तर सरळ,
डावं-उजवं त्याला ठाऊकच नाही.
थकलात तर मनगट जरा वळवा,
आकडा खाचेत बसतो, खट्.
वजन तिथे. तुम्ही मोकळे.

मला हे फार आवडलं.
सकाळी सहाला बायकांची वेळ, आणि बायका म्हणजे
मी आणि आरसा.
खाली लाद्या फोडायचा आवाज,
ज्यांचा हिशेब नऊनंतर मीच लिहिते.
पडले तर धरणार कोण?
मशीन धरतं.

मुनाफ म्हणतो, "सुलभाताई, कोपऱ्यातला मोकळा दांडा घ्या कधी.
इथे तोल मशीन सांभाळतं,
तुम्ही नुसता जोर लावता."
तोल सांभाळून काय होतं ते मी घरी बघते.
बाबांनी चाळीस वर्षं मोकळंच उचललं:
पाणी प्यालेलं जाळं, हलत्या फळीवरून टोपल्या,
खांद्यावर वितळत जाणारी लादी.
आता कमरेला पट्टा बांधून पडवीत बसतात
आणि विचारतात,
"काय गो, पैशे देऊन वजन उचलतेस?
नि उचलून ठेवतेस कुठं?"
तिथेच, बाबा. जिथून उचललं तिथेच.
ते हसतात,
हसताना हात कमरेवर.

पण खारं वारं मशीनलाही सोडत नाही.
भाद्रपदात उजव्या रुळाला गंज चढला.
मुनाफने ग्रीस लावलं, मग होडीच्या इंजिनाचं ऑइल,
आणि एका मंगळवारी, गुडघे वाकलेले, पंचेचाळीस किलो,
डावी बाजू निघाली वर,
उजवी नाही.
मनगट वळवलं. खट् नाही.
पुन्हा वळवलं.
हाक मारली असती तर खाली ऐकू गेली नसती,
आणि खरं सांगायचं तर लाज वाटली.
बसकण मारून मान सोडवली, बाहेर आले.
दांडा तसाच हवेत, तिरका,
माझ्यावाचूनही.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यातला, रिकामा. वीस किलो.
पंचेचाळीसवालीला वीस!
आणि तो डोलला.
घोटे थरथरले, अंगठ्यांनी फरशी धरली,
पोटात, पाठीत कुठे कुठे बारीक स्नायू जागे झाले,
लग्नाला न बोलावलेल्या नातलगांसारखे,
रुसलेले, पण आलेले.
पाय आपोआप फाकले, डावा किंचित पुढे,
होडीत उभं राहतात तसे.
होडीत मी शेवटची गेले आठवीत असताना,
सुवर्णदुर्गापर्यंत, आणि ओकत परत आले.
पायांना हे कुणी सांगितलं?

पाच झाले. सहाव्याला वर आले
आणि मनगट वळलं.
अडकवायला काहीच नव्हतं.
हवेत अर्धा वळसा,
आणि दांडा मानेवर, सगळाच्या सगळा.
दोन पावलं चालून स्टँडवर नेऊन ठेवावा लागला.

मशीन मी सोडलेलं नाही.
मुनाफने रूळ घासून काढलाय, गुरुवारचं जड वजन तिथेच.
वहीत दोन रकाने: एकात पन्नास, एकात साडेबावीस.
मशीनच्या दांड्याचं स्वतःचं वजन किती,
मुनाफलाही माहीत नाही,
तेव्हा ते पन्नास खरे किती, कोण जाणे.
साडेबावीस मात्र साडेबावीस आहेत.

काल दुपारी बाबा पडवीत झोपले होते,
उजवा हात खुर्चीबाहेर.
मनगट हललं. बाहेरून आत एक वळसा, मग दुसरा,
दोर खुंटाला टाकावा तसा.
थांबलं. जरा वेळाने पुन्हा.
आत कुकरची चौथी शिट्टी झाली.
मी उठले नाही.