आज्ञाधारक

मुरारच्या जासिंता देल्मारबाईंनी
बिस्किटांच्या डब्यातून कागद काढले.
म्हणाल्या, मी फ्रेंच वाचते, तुम्ही मराठीत उतरवा.
घरात पाच पिढ्या तीच बोलली गेली, तोफखान्यातली,
आणि तुम्ही ए.जी. ऑफिसचे,
मेलेल्यांचा हिशेब जुळवायची सवय आहे तुम्हाला.

मी रकाने आखले.
नाव: ल'ओबेइसांत.
म्हणजे? विचारलं.
म्हणजे आज्ञाधारक.
मी चष्मा पुसला.
चौतीस वर्षं हाच शब्द
प्रत्येक अर्जाच्या तळाशी, सहीच्या डोक्यावर
बसवत आलो होतो.

जन्मस्थळ लोरियाँची गोदी.
बांधा आणि ओळखीच्या खुणा:
बत्तीस तोफा, तीन डोलकाठ्या,
नाळेवर हात जोडलेली लाकडी बाई, नाक तुटलेली.
पहिली नेमणूक मोरिशस. बदली पाँडिचेरी.
रजा सत्तावीस दिवस,
किनाऱ्यावर आडवी पाडून तळाची कालवं खरवडली,
बरगड्यांत मलबारी साग घातला.
तेव्हापासून ती निम्मी आपलीच, बाई म्हणाल्या.
ते मी लिहिलं नाही. रकान्यात बसत नव्हतं.

ऑगस्टातल्या एका सकाळी
पावणेचार तास तोफा चालल्या, मधली डोलकाठी गेली.
त्यात मेले एकोणीस.
हिरड्या सुजून, दात गळून मेले त्रेचाळीस.
ह्या दुसऱ्या आकड्याला
कुठल्याच लढाईचं नाव दिलेलं नव्हतं.

मग इंग्रजांनी धरली.
एक निशाण उतरलं, दुसरं चढलं,
नवं नाव शोधायचाही कंटाळा केला त्यांनी,
आहे त्याचंच भाषांतर करून टाकलं.
बाईंना हसू आलं. मला नाही आलं.
माझ्या वडिलांनी शिंदे सरकार, मध्य भारत, मध्य प्रदेश
एकाच खुर्चीत बसून पाहिले,
शिक्का तेवढा बदलायचा, शाईची गादी तीच.

शेवटच्या पानावर डोलकाठ्या काढलेल्या.
आत कैदी ठेवले, नंतर देवीचे रोगी,
नंतर तांबं वजनावर गेलं आणि लाकूड गाड्यांवर.
निवृत्तिवेतन: निरंक.

हजेरीपटातली एक ओळ उरली होती.
ईव्ह देल्मार, दुय्यम गोलंदाज, वय बावीस,
पुढे पाँडिचेरीची तारीख आणि एकच शब्द.
हा आमचा, बाई म्हणाल्या, ह्याच्यामुळे मी मुरारला.
तोफ जमिनीवरही तशीच उडते हे ह्याला कळलं,
शिवाय जमीन हलत नाही.
चालत आला म्हणे, दोन पावसाळे लागले.

शब्दाचा अर्थ: पळाला.
पळपुटा लिहू? बाईंनी मान हलवली.
फरार? ते पोलिसांचं.
विनापरवाना गैरहजर?
इथे माझंच पेन अडलं.

कारण माझ्या पुस्तिकेत हाच शेरा आहे,
तीन दिवसांचा, लाल शाईत.
ग्वाल्हेरात जन्म काढलेला माणूस,
पाणी पाहिलेलं ते तिघऱ्याच्या धरणाचं,
समुद्र बघायचा म्हणून पंजाब मेलमध्ये बसलो,
कुणाला सांगितलं नाही.
भुसावळला उतरलो. डझनभर केळी घेतली.
समोरच्या फलाटावर परतीची गाडी उभी होती.
का, असं साहेबांनी लेखी विचारलं.
बायकोनं केळी मोजून फडताळात ठेवली.

मी लिहिलं: उतरला.

बाईंनी ते मोठ्यांदा वाचलं, दोनदा.
मग विचारलं, उतरला म्हणजे
पोचला, असं होतं का हो?

नेहमी नाही, म्हटलं.

त्यांनी डबा माझ्यापुढे सरकवला.
कागदांच्या खाली अजून दोन बिस्किटं होती,
सादळलेली.