हात लावू नका

डिचोलीच्या बाजारातून पाटी रंगवून आणली ह्यांनी,
पण लावली नाही. म्हणाले, बरं दिसत नाही.
आता तोंडानेच सांगतात, येईल त्याला:
आत या, डोकं सांभाळा, हात मात्र लावू नका.

घरामागे माझी सोडणं असायची,
चुडतं, पिडे, एक फुटका हंडा.
तिथे चिऱ्यांचा चौथरा झाला,
वर निळा पत्रा, दोन ट्यूबलाइटी,
त्या दिवसासुद्धा लावायच्या.
त्याशिवाय म्हणे धार दिसत नाही.
कसली धार, मी विचारलं नाही.

एकतीस वर्षं सारमानसच्या धक्क्यावर
बार्जीच्या इंजिनात कंबरेत वाकून काढली.
खाण थांबली, बार्ज भंगारात गेली,
मागे राहिले हे, आणि लाल ऑक्साइडचे दीड डबे.
त्याच रंगाने फळीवर
एकेका हत्याराची सावली काढली:
पकड, पटाशी, करवत,
कानशी मनगटाएवढीपासून करंगळीएवढीपर्यंत,
आणि पाने, सहा-सात ते तीस-बत्तीस,
प्रार्थनेला उभे केल्यासारखे.

स्क्रू माझ्या बरण्यांत, तोरांच्या लोणच्याच्या.
झाकणं वरच्या फळीला ठोकलीत,
बरणी नुसती फिरवली की हातात येते.
हे मात्र सुरेख केलंय.
मी अजून कुणाजवळ म्हटलेलं नाही.

पंच येऊन गेला, देवळातले भट येऊन गेले.
पोदेर सायकल टेकवून आत शिरला
तो पाव निवेपर्यंत बाहेर आला नाही.
कायतान तर दर शनिवारी. वायरिंग त्याचंच.
फणसाच्या फळीच्या बाकावरून नजर फिरवतो,
म्हणतो, पुरसोबाब, हांगा जेवपाक बसूं येता.
हे हसतात. बाकाला फडकं मारतात.
त्या बाकावर अजून एक खिळासुद्धा
सरळ झालेला नाही.

माझी आदोळी चवथीपासून डुलते.
मागचा पाय.
नारळ खवताना मी एकीकडे, पातं दुसरीकडे,
होडीत बसल्यासारखं.
सांगितलं. म्हणाले, बघू.
दिवाळीला म्हणाले, आधी ग्राइंडर बसू दे.
शिगम्याला म्हणाले, आत्ता भुसा नको तिथे,
पेडण्याहून भावोजी यायचेत बघायला.

भावोजी बघून गेले त्या रात्री
ह्यांचं घोरणं लागलं, तशी मी किल्ली घेतली.
दोन्ही ट्यूबलाइटी लावल्या.
खरंच, धार दिसते.

आमच्या माहेरी सुतारशाळा.
मुलगे रंधा धरायचे, मुली भुसा झाडायच्या.
झाडता झाडता दिसतंच की.
आदोळी उताणी ठेवली, कुजकी पाचर उपसली,
फणसाच्या ढलप्यातून नवी तासली,
बोटाला थोडं लागलं, तेवढं लागायचंच.
एक ठोका, दोन.
तिसऱ्याला हातोडी घसरली.
बाकावर चंद्रकोर उमटली, नखाएवढी.

हातोडी तिच्या सावलीत परत नेऊन ठेवली,
भुसा ओच्यात घेतला, चुलीत टाकला.
चंद्रकोर कुठे टाकणार?

सकाळी हे आत गेले. चहा निवला.
बाहेर आले ते काही बोलले नाहीत.
स्वयंपाकघरात येऊन आदोळी पायाने हलवून पाहिली,
जरा जोर लावूनच.
मग म्हणाले, साखर कमी आहे.

शनिवारी कायतान आला.
कानशी झाल्या, पाने झाले, बरण्यांची गंमत झाली,
आवाज बाकापाशी येऊन थांबला.
मी खवणं थांबवलं, कान दिला.
तिकडेही काही नाही.
आता हे तरी काय ऐकत होते, कोण जाणे.

मग ह्यांचा आवाज आला, नेहमीपेक्षा खालचा:
इथे हात लाव. लाव रे, लाव.

माझा अर्धा नारळ अजून राहिला होता.