वेळ अमावस्या, रुस्ताक

ग्रुपवर मी ‘पिकनिक’ असंच लिहिलं होतं.
शुक्रवार, सकाळी आठ, टोप्या आणा, सतरंज्या आणा.
अमावस्या खरं तर बुधवारीच होऊन गेली,
पण बुधवारी कोण सुट्टी देतंय.

खल्फानच्या शेतात लसूणघासाच्या कडेला
मोतालेबनं कोप उभी करून ठेवलेली,
खजुराच्या झावळ्यांची. कडबा कुठला इथं.
वादीतून मीच वेचले पाच दगड
आणि सहावा द्रौपदीचा, तो जरा सपाट निघाला.
चुना मिळाला नाही. बिराजदारांच्या साइटवर
उरलेला प्रायमर होता, त्याचे दोन हात दिले,
आणि देव वाळेपर्यंत सगळे चहा पीत उभे.

आंबील लबानमधली.
ज्वारीचं पीठ श्रीमंगले वहिनींनी सोहारहून आणलं,
भज्जीतले वाटाणे फ्रीझरमधले, तुरीचे दाणेही.
‘चिंच कमी पडली,’ हे मला तिघींनी
वेगवेगळं बाजूला घेऊन सांगितलं.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी इस्पितळात रक्ताच्या नळ्यांवर नावं चिकटवते.
गावी पुढं आबा असायचे.
मी मागं, डोक्यावर उंड्यांचं टोपलं,
ढेकळांत पाय मुरगळू नये एवढंच माझं लक्ष.
पुढं चालणाऱ्याला काय काय ठाऊक असावं लागतं
ते मागं चालताना कळत नाही.

शेताभोवती पाच फेऱ्या.
तांब्यात आंबील, हातात लिंबाची डहाळी,
शिंपडत जायचं आणि ओरडायचं,
ते जे ओरडतात ते.
अर्थ आबांनाही माहीत नव्हता.
कानडी मुलखातून आलंय म्हणायचे, कुणाच्या तरी लग्नात.
मी ओरडले. पहिला अर्धा आला.
दुसरा अर्धा आलाच नाही.

शेळ्या वर बघून परत खायला लागल्या.
बिराजदार खोकले. एक पोरगी फिसकन हसली.
बाविसाव्या वर्षापासून इथं आहे मी,
बरंच काही विसरून झालंय,
पण असं, चारचौघांत, तोंड उघडं ठेवून, नाही.

आणि पलीकडून, गुडघाभर घासातून,
विळा तसाच हातात धरून
मोतालेब ओरडला.
त्याच्या बोगुराकडचं काहीतरी.
धानाचं असेल, गुरांचं असेल, मी विचारलं नाही.
बरोबर तेवढ्याच लांबीचं होतं.

दुसऱ्या फेरीला अर्धं माझं, अर्धं त्याचं.
तिसऱ्या फेरीला पोरं त्याचंच म्हणायला लागली.

चौथीला मुसल्लम आला, फलजचा अरीफ,
मनगटावर घड्याळ, तरी आधी सावलीकडं बघितलं.
खल्फानच्या वाफ्यांची पाळी
बारा दहाला सुरू.
त्याची नजर कोपीत गेली. माझी त्याच्या चेहऱ्यावर.
‘हे कोण?’
माझं अरबी इस्पितळापुरतं. दुखतंय का, उपाशी आहात का,
कोपर सरळ ठेवा.
म्हटलं, ‘पाहुणे.’
तो म्हणाला, ‘मग वर उचला त्यांना. पाणी येतंय.’

तेव्हा उचलले. अर्धे ओले पांडव,
प्रत्येकाच्या तळव्यावर पांढरा डाग,
बिराजदारांच्या तर शर्टावर भीम.
पाणी आलं, पुढं एक वाळकं पान ढकलत,
काही घाई नाही असं.
पाचवी फेरी त्याच्या मागनं झाली.
मी तिसरी का चौथी होते, पोरांच्या मागं,
तांब्या हलका, पाय चिखलात.

भज्जी संपली. चिंच कमी होती, खरंच.

रात्री गाडीच्या डिकीत मोजले तर पाचच.
रविवारी मोतालेबचा फोन,
परत आणून द्यायचा का विचारत होता,
म्हणजे द्यायला लागेल का,
कारण पाटाच्या तोंडाला तो दगड नेमका बसतोय,
आधीच्या चिंध्यांनी पाणी झिरपायचं.
रंग गेलाय म्हणाला.

राहू दे म्हटलं.