धावपट्टीवरचा कावळा

दुकानात दूध-पावडरीच्या शेजारी
एक पाकीट. एकवीस डॉलर.
निविआक ते उचलते,
मागचं बारीक अक्षर वाचल्यासारखं करते
आणि ठेवून देते जिथलं तिथे,
तोंड भिंतीकडे करून.
आईनं सांगितलंय: आधी बाळाचं दूध,
मग तेल, मग काडतुसं, उरलं तर बघू.
उरत नाही.

दवाखान्याच्या वहीत मी लिहिते,
'पोटदुखी. शाळेत गैरहजर. तीन दिवस.'
दर महिन्याला त्याच सात-आठ मुली,
तीच पोटदुखी.
वहीला सगळं कळतं, वही बोलत नाही.
मी तरी कुठे बोलले,
नुनावुतमधला पहिला अख्खा हिवाळा?

बोलली ऊलीपिका, शाळेतली स्वयंपाकीण.
कॅरिबूचा रस्सा ढवळता ढवळता म्हणाली,
"आमच्या आज्यांना शेवाळ पुरायचं, वाळवलेलं,
वरून सशाचं मऊ कातडं.
त्याला कुणी किंमत चिकटवली नव्हती."
मग बिंगोच्या रात्री तिनं डबा फिरवला.
सुट्ट्या नाण्यांतून, विणलेल्या हातमोज्यांतून,
दक्षिणेकडच्या कुठल्याशा महिला मंडळाच्या चेकातून
जमली अकरा खोकी.
वादळानं विमान नऊ दिवस अडवलं.
दहाव्या दिवशी उतरलं.

माझ्या भाषेत म्हणतात, कावळा शिवला.
लहानपणी मी खरंच आभाळात बघायचे,
कुठून आला, कुठे शिवला,
आणि शिवला तो, तर कोपऱ्यात काकू का?
इथे झाडाची एक काडी नाही,
कावळे मात्र आहेत, कोंबड्याएवढे,
घोगरे, कुणाला न भिणारे.
त्यातल्या एकानं,
सामान उतरवून होईतो,
खोकं फोडलं.

वारा होताच.
जांभळ्या कागदातली ती पाकिटं
धावपट्टीवरून, कुंपणावरून,
कुत्र्यांच्या साखळ्यांमधून
चर्चच्या पायरीपर्यंत उडत गेली.
काही फुटली; मग पांढऱ्यावर पांढरं.

माझ्या पोटात गोळा आला.
आता हसतील.
हसलीच पोरं. खूप हसली.
मग हॉकीच्या काठ्या घेऊन धावली मागे,
अडवलं की गोल झाल्यासारखी ओरडत.

संध्याकाळी गावच्या रेडिओवर,
हरवलं-सापडलं सांगायच्या वेळी,
जेपिटी खोकला. सत्तरीचा शिकारी,
एरवी सीलबद्दलही चार शब्दांत बोलणारा.
"एक डावा हातमोजा, लाल, लहान मुलाचा.
एक घसरगाडीचा दोर.
आणि बायकांच्या त्या सामानाची अडतीस पाकिटं."
कागदाची सळसळ.
"माझ्या पडवीत आहेत. दार उघडं आहे.
माझी बायको शेवाळ वेचायला जायची,
तेव्हा मी होडी धरून उभा राहायचो, पाठ फिरवून.
काय लागतं, विचारायला हवं होतं.
बरं.
उद्या वारा ईशान्येचा. बर्फाच्या कडेला जाऊ नका."

आता खोकी बर्फाच्या रिंकवर असतात,
उसन्या स्केट्सच्या फळीवर.
फाटलेलं खोकं सगळ्यात पुढे,
त्यावर कुणीतरी कावळा काढलाय, टोप्या घातलेला.

काल निविआक आली, भर तासातून, धापा टाकत.
"पोट दुखतंय. या वेळी खरंच दुखतंय.
गोळी दे लवकर, गणिताची चाचणी आहे."
मी वहीत लिहिलं,
'पोटदुखी.' खोडलं नाही.
पुढे लिहिलं, 'शाळेत हजर.'

खोकी एप्रिलपर्यंत पुरतील.
जहाज येतं ऑगस्टात.
दुकानातलं पाकीट आता तेवीस डॉलर.
ऊलीपिका बोटांवर महिने मोजते,
मध्येच थांबते, परत पहिल्यापासून मोजते,
आणि बिंगोचा डबा
घासायला घेते.