अठरावं पान

वही सध्या कुणाकडे आहे, ते विचारत जावं लागतं.
वालपरायसोच्या या टेकडीवर ती घरोघर फिरते.
अठरावं पान सुटं झालं होतं,
कुणीतरी पांढऱ्या दोऱ्यानं शिवलंय.

एलेउतेरिओनं चाळीस वर्षं माणसं वर-खाली नेली,
रुळांवरून टेकडी चढणाऱ्या डब्यात,
दांड्यावर एक हात ठेवून.
मग सहा वर्षं नोल्फाला:
पलंगावरून खुर्चीत,
खुर्चीतून पलंगावर.

ती गेल्यावर त्यानं दुकानातून
उधारी लिहितात तसली वही आणली.
लिहिण्याचा सराव कुठला.
अक्षर दोरीवरच्या कपड्यांसारखं,
सगळं एका बाजूला झुकलेलं.

"कूस बदलताना आधी सांगा. कळत नसलं तरी सांगा.
नखं आंघोळीनंतर कापा, मऊ असतात.
पावाची कड काढून दुधात बुडवा,
घसा दोनदा हलला की मगच पुढचा घास.
तुम्ही कोण, असं विचारलं
तर नुसतं नाव सांगा. नवरा म्हणू नका.
घाबरते."

घाबरते, असंच लिहिलंय.
घाबरायची, असं नाही.

खालच्या वळणावर यास्नाच्या वडिलांचं
अर्धं अंग गेलं, तेव्हा त्यानं वही तिला दिली.
महिन्यानं ती परत घेऊन आली, पुठ्ठ्यावर तेलाचे डाग.
दारातच म्हणाली,
"सगळं उपयोगी पडलं.
पण तुम्हाला कधी रागच आला नाही का हो?
काल मी सुपाची वाटी भिंतीवर फेकली.
मग सगळी वही चाळली.
वाटलं, मी एकटीच अशी."

त्यानं तिला आत ये म्हटलं नाही.
वही घेतली, दार लोटलं.
रस्त्यावरून गॅसवाला सिलिंडरवर पाना वाजवत गेला.
या आवाजाला नोल्फा टाळ्या पिटायची.

सतराव्या पानानंतर एक पान
त्यानं कोरं सोडलं होतं.
चिकटलंय, असं स्वतःलाही सांगायचा.

रात्री सुरीनं पेन्सिलीला टोक काढलं.

"जुलै. इथला कडाका. चादर तिसऱ्यांदा बदलली.
ती हसली. मी तिचा हात झटकला.
झटकला हे खोटं. मारलं.
मनगटावर चार बोटं उठली.
बाहेरून कडी लावून पायऱ्यांवर बसलो.
बंदरातली जहाजं मोजली, अकरा.
मनात आलं, आत जाईन तेव्हा ही संपलेली असावी.
गेलो तर जागी.
मला ओळखलं नव्हतंच.
सरकून जागा करून दिली.
म्हणाली, गारठलायत तुम्ही."

पुढची ओळ खोडलीय,
दिव्यासमोर धरली तर वाचता येते:
"यावर काय करायचं मला माहीत नाही."

आणि तळाशी, बारीक:
"पायऱ्यांवर बसाल तर जाड कोट घाला.
कडी लावू नका.
माझ्या खिडकीवर खडा मारा, मी जागाच असतो."

सकाळी तो उतरला, गुडघ्याला हात देत,
एका वळणावर थांबत.
यास्नाला वही दिली
आणि खिशातून काढून एक पत्र्याची वाटी.
म्हणाला, "ही फुटत नाही.
आवाज मात्र मोठा होतो."